2520 ही संख्या रामानुजन यांनी 'शोधली' काय?

गणित दिन जवळ आला की सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. 2520 ही संख्या श्रीनिवास रामानुजन यांनी शोधली; 1 ते 10 या सर्व सम-विषम संख्यांनी निःशेष भाग जाणारी दुसरी पूर्ण संख्या सापडणे अशक्य आहे; आणि आठवड्याचे 7 दिवस, महिन्याचे 30 दिवस व वर्षाचे 12 महिने यांचा गुणाकार नेमका तेवढाच येतो, हे तिचे गूढ आहे, असा त्याचा आशय. यातला भागाकार आणि गुणाकार बरोबर आहे. बाकी काही टिकत नाही.

'दुसरी संख्या नाही' हे विधान तर 2520 ची दुप्पट करताच कोसळते. 5040, 7560, 10080 यांपैकी प्रत्येकीत तोच गुण आहे आणि एक लाखाच्या आत 2520 खेरीज अशा आणखी 38 संख्या आहेत. खरे एवढेच की 2520 ही त्यांतली सर्वांत लहान. कडक भाकरीच्या पाकिटांत 1 पासून 10 पर्यंत कितीही नग भरले तरी शेवटी एकही भाकरी सुटी उरू नये, यासाठी कमीत कमी किती भाकरी लागतील, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. शाळेत यालाच लसावि म्हणतात. 8, 9, 5 आणि 7 यांचा गुणाकार केला की काम झाले, कारण 6 आणि 10 त्यात आपोआप सामावतात. पाकिटात 11 भाकरी भरल्या की मात्र एक उरतेच.

कालगणनेचे गूढही याच हिशेबात विरघळते. 12 गुणिले 30 म्हणजे 360, आणि 360 ला 1 ते 10 पैकी फक्त 7 ने भाग जात नाही; तो उणा 7 आठवडा पुरवतो. वर्षाचे खरे 365 दिवस धरून 7 ने गुणले तर 2555 येतात, ज्यांना 2 नेही भाग जात नाही.

श्रेयाचा मुद्दा अधिक गंभीर आहे. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात प्लेटोने आपल्या कल्पित नगरराज्यासाठी 5040 हा आकडा सुचवला, तेव्हा 1 ते 10 पर्यंतच्या प्रत्येक संख्येने त्याला भाग जातो, हा गुण त्याने स्पष्ट नोंदवला होता. रामानुजन यांचे काम याहून कितीतरी खोल आहे. आपल्यापेक्षा लहान असलेल्या प्रत्येक संख्येहून अधिक विभाजक असणाऱ्या संख्यांची घडण त्यांनी 1915 च्या शोधनिबंधात उलगडली आणि अशा 102 संख्यांची यादी दिली. 48 विभाजकांची 2520 तीत आहे, पण अनेकींतली एक म्हणून.

त्या यादीतून एक संख्या मात्र निसटली: 2,93,31,86,25,600. माझ्या मते आश्चर्य करायचेच तर इथे करावे, कारण ही संख्या म्हणजे 2520 × 2520 × 11 × 13 × 17 × 19, आणि तिचे विभाजक भरतात बरोबर 5040, म्हणजे 2520 ची दुप्पट. यातही दैवी काही नाही. मूळ अवयवांत 2 सहा वेळा, 3 चार वेळा, 5 आणि 7 दोन-दोन वेळा व उरलेले चार एकेकदा येतात. प्रत्येक वेळांत 1 मिळवून 7 × 5 × 3 × 3 × 2 × 2 × 2 × 2 असा गुणाकार कोणालाही करून पाहता येईल.