‘बोर्ड संपू दे, मग सीईटी बघू’ म्हणणाऱ्यांना

अकरावीचे प्रवेश झाले की एक मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरायला लागतो. ‘आधी बोर्ड, मग सीईटी. बोर्डानंतरचे दोन महिने भरपूर झाले. अकरावी नुसती पास व्हायची. जेईईची जानेवारीची परीक्षा फुकट, एप्रिलचीच द्या. कोकणचा निकाल राज्यात पहिला असतो, आपल्या पोरांना कसली काळजी?’ सीईटी म्हणजे इंजिनीअरिंग, फार्मसीच्या प्रवेशासाठीची राज्याची परीक्षा, आणि जेईई म्हणजे इंजिनीअरिंगसाठीची देशपातळीवरची. मी कुडाळजवळ अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. या मेसेजवर विसंबलेली मुलं दरवर्षी एप्रिलात माझ्यासमोर रडवेली होऊन बसतात, म्हणून हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट, ते दोन महिने कुठे आहेत? २०२५ मध्ये बारावीची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली, ती मार्चपर्यंत चालली. पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी) गटाची सीईटी ९ एप्रिलला सुरू झाली आणि पीसीएमची (बायॉलॉजीऐवजी गणित) १९ एप्रिलला. मधल्या दिवसांत आपल्याकडे शिमगा. आणि एप्रिल म्हणजे आंबा. देवगडकडचा माझा एक विद्यार्थी सकाळी झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन वडिलांबरोबर बागेत जायचा, दुपारभर पेट्या भरायचा आणि रात्री जेवल्यावर पुस्तक उघडायचा. बोटांना चीक लागलेला, डोळ्यांवर झोप. घरचं वर्षाचं उत्पन्न त्या पंधरा-वीस दिवसांत ठरतं. त्याला ‘आंबा सोड’ असं कोण सांगणार? त्याचा अभ्यास गणपती ते दिवाळी या काळातच व्हायला हवा होता, आणि हे त्याला अकरावीतच कुणीतरी सांगायला हवं होतं.

‘अकरावी नुसती पास’ हे तर सरळ नुकसान आहे. सीईटीत साधारण वीस टक्के प्रश्न अकरावीवर असतात, म्हणजे २०० पैकी ४० गुण. नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) आणि जेईईला दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, तिथे अकरावी सोडणं म्हणजे जवळजवळ अर्धा पेपर सोडणं.

आता निकालाचं. २०१२ पासून कोकण विभाग बारावीत पहिला येतो, २०२५ मध्ये ९६.७४ टक्के मुलं उत्तीर्ण झाली. मलाही याचा अभिमान आहे. पण तो उत्तीर्ण होणाऱ्यांचा आकडा आहे. सीईटीत पर्सेंटाइल मिळतं, म्हणजे परीक्षा दिलेल्या दर शंभर मुलांपैकी किती जणांच्या पुढे तुम्ही आहात ते. शिवाय पेपरची जातच वेगळी. फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न, वेळ ९० मिनिटं. एका प्रश्नाला ५४ सेकंद. वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीला मी एकदा घड्याळ लावून लेन्सचं एक गणित दिलं. तिने सूत्र लिहिलं, किमती घातल्या, एकक लिहिलं, उत्तराखाली दोन रेघा मारल्या. उत्तर अचूक, वेळ चार मिनिटं. बोर्डात तिला पैकीच्या पैकी मिळाले असते. सीईटीत तेवढ्या वेळात बाकीच्यांचे चार प्रश्न झाले असते. हात बदलायला तिला ऑगस्ट ते डिसेंबर लागले. रोज संध्याकाळी वीस प्रश्न, अठरा मिनिटांत. लाइट गेली तर मेणबत्तीवर. तीन आठवड्यांत हा हात बसत नाही.

जेईई मेनच्या जानेवारीच्या परीक्षेबद्दल थोडंच सांगते. दोन्हींपैकी चांगला स्कोअर धरतात, त्यामुळे जानेवारी फुकट जात नाही. संगणकावरचा पेपर आणि चुकीच्या उत्तराचा एक गुण कापला जाणं, हे दोन्ही तिथे अंगवळणी पडतं. अर्ज मात्र दिवाळीच्या सुमारास भरायचा असतो, तेव्हा घरात फराळाची गडबड असते आणि तारीख निघून जाते. सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नका. नीटला मात्र अंदाजाने उत्तरं देऊ नका, तिथेही गुण कापतात.

आणि मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही, ते कागद. राखीव जागेसाठी जात पडताळणी लागते, ओबीसींना नॉन-क्रीमीलेअरही. पणजोबांच्या शाळेचा दाखला, जुनी जन्मनोंद, आडनावातला एका अक्षराचा फरक, यातच महिने जातात. ९० च्या पुढे पर्सेंटाइल असलेली एक मुलगी मी जुलैत तहसीलच्या पायरीवर फाइल मांडीवर घेऊन बसलेली पाहिली आहे. तुमचं मूल आत्ता अकरावीत असेल तर मुंबईच्या चाकरमानी काकांना गणपतीला येताना जुने दाखले घेऊन यायला आजच फोन करा.