स्ट्रॉचा तुकडा चिकटवला की झालं?

मॉडेल रॉकेट बनवणाऱ्यांत एक सल्ला सर्रास फिरतो: ‘लाँच लग म्हणजे रॉकेट रॉडवर (उड्डाणाच्या उभ्या सळीवर) उभं राहावं म्हणून लावलेली नळी. कोल्ड्रिंकच्या स्ट्रॉचा तुकडा फेविक्विकने कुठेही चिकटवा, घट्ट बसवा म्हणजे डुगडुगणार नाही. रॉकेट सरळ ठेवणं हे फिन्सचं (शेपटाकडच्या पंखांचं) काम.’

शेवटून सुरुवात करू, कारण खरी गफलत तिथेच आहे. फिन्सना काम करायला वेगाची हवा लागते, आणि मोटर (जळून रॉकेट ढकलणारं इंधनाचं नळकांडं) पेटते तेव्हा वेग शून्य असतो. सरासरी त्वरण 100 मी/से² आणि लग सुटेपर्यंतचं अंतर 80 सेंमी धरलं, तर रॉड सोडताना वेग 12.6 मी/से भरतो. ताशी 18 किमी वाऱ्यात हवा रॉकेटला सुमारे 22 अंशांनी तिरकी लागते. रॉकेट जड झालं, त्वरण निम्म्यावर आलं, की वेग 8.9 आणि कोन 29 अंश. मग रॉकेट वाऱ्याकडे तोंड फिरवून आडवं धावतं, आणि दोष फिन्सना मिळतो. पुरेसा वेग येईपर्यंत रॉकेटला सरळ ठेवणारं दुसरं काहीच नसतं, फक्त रॉडवर सरकणारा लग.

‘कुठेही’ तर अजिबात नाही. एकच लग असेल तर तो मोटर बसवून तोललेल्या रॉकेटच्या गुरुत्वमध्याजवळ हवा. लांब रॉकेटला दोन लावा: एक शेपटाशी, एक गुरुत्वमध्याशी. मात्र वरचा लग रॉडवरून सुटला की रॉकेट खालच्याभोवती कलू शकतं. म्हणून 90 सेंमी रॉडवर वरचा लग 30 सेंमी उंचीवर असेल, तर हाती 60 सेंमीच उरतात. पहिल्या उदाहरणातला वेग 11 वर येतो. त्यावर उपाय लांब रॉड, पण 3.2 मिमीचा रॉड लांबवला की छडीसारखा लवतो. तिथे 4.8 मिमी जाडीचा, 120 सेंमीचा घ्या, आणि लगही त्याच मापाचा.

लग चिकटवण्याची रेघ दोन फिन्सच्या मधोमध, ट्यूब ॲल्युमिनियमच्या एल-अँगलमध्ये टेकवून आखा. गोंद ओला असतानाच दोन्ही लगमधून रॉड घालून सरळपणा तपासा आणि सुकण्याआधी काढा. (हे विसरलं तर रॉड रॉकेटचाच होतो.)

घट्ट बसवणं सगळ्यांत घातक. 3.2 मिमी रॉडला साधारण 4 मिमी भोक हवं. मोटरमधल्या ब्लॅक पावडरची (बंदुकीच्या दारूची) काजळी रॉडवर चढते आणि घट्ट लग अडकतो. दर उड्डाणानंतर रॉड ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा.

स्ट्रॉचं म्हणणं अर्धं खरं. छोट्या, हलक्या रॉकेटला कागदी स्ट्रॉ चालते. प्लॅस्टिकची बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते, तिला गोंद धरत नाही. रंगावर चिकटवलेला लग तर रंगासकट सुटतो. जागेवरचा चकचकीत थर 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, फेविकॉलचा पातळ थर दोन्हीकडे लावून दहा मिनिटं थांबा, मग दुसरा थर देऊन दाबा. सुकल्यावर दोन्ही कडांना गोंदाची बारीक कड भरा. भोकात थेंब गेला तर आतून काढा.

जड रॉकेटला रॉडऐवजी रेल (खाच असलेली उभी पट्टी) आणि त्या खाचेत सरकणारी, स्क्रूने बसवायची रेल बटणं बरी. पण स्क्रू नुसत्या कागदी ट्यूबमध्ये पिळू नका, उपटून येतो. आतून प्लायचा ठोकळा किंवा सेंटरिंग रिंग (मोटरची नळी मधोमध धरणारी कडी) हवी, आणि स्क्रूचं टोक पॅराशूटच्या वाटेत डोकावता कामा नये.