मनात पाल चुकचुकली तर? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, तुमची कमेंट नीट वाचली, आणि खाली दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरोबर वाटेना म्हणून सविस्तर लिहितेय. मी लिहिलं होतं की एखाद्या माणसापाशी मनात पाल चुकचुकली तर आधी तिथून निघा, कारण मागाहून शोधा. तुमचं म्हणणं, ही आतली जाणीव वगैरे काही नसते, तो आपला पूर्वग्रह असतो, आणि अशाच जाणिवेपायी राईनपाड्यात पाच माणसं मेली. वर विचारलंय की उद्या तुमच्या भावाबद्दल कुणा मुलीला असं वाटलं तर चालेल का?

राईनपाड्याचं आधी बोलू, कारण ते उदाहरण झटकून टाकण्यासारखं नाहीच. १ जुलै २०१८, रविवारचा आठवडी बाजार, धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका. पोटासाठी भटकत आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, त्यांना मुलं पळवणारी टोळी समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने मारून टाकलं. आजही वाचताना जीव कळवळतो. पण त्या जमावातल्या कितीजणांनी त्या पाचांना काही वावगं करताना स्वतः पाहिलं होतं हो? भीती आधीच व्हॉट्सॲपवरून घराघरात पोचलेली होती, त्या गोष्टीत बसवायला फक्त परकी माणसं हवी होती. आणि ज्याला खरंच आतून धोका जाणवतो तो लांब जायला बघतो, चार लोक गोळा करून अंगावर जात नाही. मी बोलतेय ते स्वतः बाजूला होण्याबद्दल. कुणाला गुन्हेगार ठरवायला, चारचौघांत बदनाम करायला पुरावा लागतोच, लागलाच पाहिजे, पण लिफ्टमधून बाहेर पडायला कसला पुरावा?

पूर्वग्रहाचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. भंगारवाला, वॉचमन, मळके कपडे, दाढी, वेगळी भाषा, यांना घाबरायला आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं आणि ती भीती पोटात अगदी खऱ्या भीतीसारखीच वाटते. म्हणून मी स्वतःला एकच विचारते, हा माणूस कोण आहे म्हणून मला भीती वाटतेय की हा आत्ता काय करतोय म्हणून? नाही म्हटल्यावरही हेका सोडत नाही, न मागता उपकार करून ठेवतो, साध्या गोष्टीचं लांबलचक स्पष्टीकरण देतो, तुला मैत्रिणींपासून अलगद बाजूला काढतो, हे सगळं वागणं आहे, आणि ते इस्त्रीच्या शर्टातला माणूसही करतो.

आणि ओळखीचा, चांगला वाटणारा माणूसच ते जास्त करतो, हे माझं खरं दुखणं आहे. एनसीआरबीचे, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाचे दरवर्षीचे आकडे बघा, बलात्काराच्या ९५ टक्क्यांच्या आसपास केसेसमध्ये आरोपी ओळखीचा असतो, म्हणजे नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक. म्हणजे अनोळखी गरीब माणसाला बघून आपण पर्स घट्ट धरतो आणि घरातली पोरगी एखाद्या काकांजवळ जायला नको म्हणते तेव्हा आपणच म्हणतो, असं नाही करायचं बाळा, काका आहेत ना, पाया पड, मांडीवर बस. क्लासचे सर तिलाच नेमकं मागे थांबवून घेतात हे तिला खटकतं, तर आपण म्हणतो अगं किती चांगले आहेत ते. तिच्या आतली घंटा आपणच आपल्या हाताने बंद करतो, शिस्तीच्या नावाखाली. माझी पोस्ट मुळात याच्यासाठी होती.

अमेरिकेतला टेड बंडी, अनेक मुलींचे खून करणारा, तुम्हाला माहीत असेल. १४ जुलै १९७४, सिॲटलजवळचं लेक समामिश, तुडुंब गर्दी, भर दुपार. हात झोळीत बांधलेला एक देखणा तरुण मुलींना विचारत होता, बोट उतरवायला जरा मदत करता का? एकजण त्याच्याबरोबर गाडीपर्यंत गेली, तिथे बोटच नाही, तर म्हणाला बोट वर घरी आहे. ती तिथूनच परत फिरली. तिच्याकडे काय पुरावा होता? काहीच नाही, फक्त सांगितलेलं आणि दिसलेलं जुळत नव्हतं. त्या दिवशी त्याच तळ्यावरून दोन मुली गायब झाल्या. आणि हेही सांगते, त्याच बंडीबरोबर सिॲटलच्या एका हेल्पलाइनवर काम केलेली बाई पूर्वी पोलिसात होती, तरी तिला तो भलाच वाटायचा. म्हणजे मन काही बोललं नाही तर माणूस सुरक्षित असं मी अजिबात म्हणत नाही, पण बोललं तर ते दाबून टाकू नका एवढंच म्हणतेय.

आता भावाचं. हो, चालेल. रात्री अकराला लिफ्टमध्ये एकटी मुलगी त्याला बघून बाहेर पडली, तर त्याचं काय गेलं? क्षणभर वाईट वाटेल, तेवढं वाटू दे. त्याला मी हेच सांगेन की तिला थांबवून मी तसला नाही हे पटवायला जाऊ नकोस, कारण तिच्या जागी तेच सगळ्यात जास्त भीतीदायक असतं, तू गपचूप वर जा आणि तिला पुढची लिफ्ट घेऊ दे.