लाईट गेली तरी एमआरआयचा चुंबक चालूच असतो

रत्नागिरी-सिंधुदुर्गात सध्या एक मेसेज फिरतोय: “पावसात लाईट गेली की एमआरआयचा चुंबक बंद पडतो, मग सिलिंडर, व्हीलचेअर आत नेली तरी चालते.” हे साफ चूक आहे आणि जिवावर बेतणारं आहे.

बहुतेक मशीनमधली वेटोळी द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंशांच्या आसपास बुडवलेली असतात. त्या थंडीत तारेचा विरोधच उरत नाही, म्हणून आत एकदा सोडलेला प्रवाह बाहेरच्या विजेशिवाय फिरत राहतो. लाईट गेली की स्कॅन थांबतो आणि खोलीत काळोख होतो. दीड टेस्लाचा चुंबक तसाच राहतो, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पट. काळोखात घाई होते, धोका उलट वाढतो. मुंबईत २०१८ साली पेशंटच्या एका नातेवाइकाचा जीव गेला तो ऑक्सिजनचा सिलिंडर आत नेल्यामुळे.

पेशंट अत्यवस्थ झाला तर छातीवर दाब देत त्यालाच बिनलोखंडी ट्रॉलीवरून बाहेर आणा, दार लावा. ऑक्सिजन, शॉक मशीन बाहेरच. क्वेंचचं, म्हणजे हेलियम उडवून चुंबक बंद पाडायचं, बटण माणूस अडकला असेल तरच. ते दाबलं तरी चुंबक उतरायला मिनिटभर लागू शकतं.

सोन्याला चुंबक ओढत नाही, पण मंगळसूत्राच्या फाशात पोलादी स्प्रिंग असू शकते आणि एक ग्रॅमवाल्याच्या आत काय धातू आहे कोण सांगणार? काढूनच ठेवा.

बोटीवर वेल्डिंग-ग्राइंडिंग करणाऱ्यांनी डोळ्यात कधी कीस गेला असेल किंवा गळाचं टोक हातात राहिलं असेल तर आधी सांगा. डोळ्याचा एक्स-रे काढूनच पुढे जातात.