पोरं नव्हे, आधी पालकांना रानात न्यायचं होतं

दादा, नमस्कार.

तुमच्या प्रतिक्रियेखाली सही ‘जुना भटक्या’ एवढीच आहे आणि पस्तीस वर्षं सह्याद्रीत हिंडताय असं लिहिलंय, म्हणून दादा म्हणतेय. कोंढव्यातल्या आमच्या मोहल्ल्यातल्या काही घरांनी मिळून जानेवारीत पानशेतच्या अलीकडे, एका शेतकऱ्याच्या रानात मुलं आणि पालकांचं दोन दिवसांचं ‘सर्व्हायव्हल’, म्हणजे रानात तग धरायला शिकायचं शिबिर घेतलं, त्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे तीन आक्षेप आले. डोंगराला धर्म नसतो, मग मुस्लिम मुलांचं वेगळं शिबिर कशाला? ‘सर्व्हायव्हल’ म्हणजे नेमकी कशाची तयारी चाललीय? आणि आई-बापांना बरोबर घेऊन गेलात तर पोरं शिकणार काय? दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते, पण दुसऱ्या प्रश्नातला तो ‘नेमकी’ काही डोक्यातून जाईना. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याचं एक कुटुंब अडकलं. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. एका खडकावर एकमेकांना घट्ट धरून उभी राहिलेली माणसं आणि चहूबाजूंनी पाणी. पाच जण गेले, त्यात चार मुलं. त्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या जिन्यात दुसरा विषय नव्हता आणि प्रत्येक आईचा निकाल एकच: आता पोरांना कुठे पाठवायचंच नाही. मला ते पटेना. ती मुलं एकटी गेली नव्हती, घरची मोठी माणसं बरोबर होती. त्यांच्या जागी मी असते तर मीही त्याच खडकावर उभी असते. शाळेत भूगोल शिकवते मी! पर्जन्यछायेचा प्रदेश फळ्यावर डोळे मिटून काढून दाखवीन. पण वर पठारावर कोसळलेला पाऊस खाली ओढ्यात किती मिनिटांत येतो, हे मला कुणी ओढ्यात उभं करून सांगितलेलं नव्हतं.

शिबिरात आम्ही ते केलं. जानेवारीतला ओढा, म्हणजे घोटाभर पाणी आणि बाकी गोटे. वाट दाखवायला गावातले एक मामा होते. त्यांनी सगळ्यांना मध्ये उभं केलं आणि काही न बोलता काठीनं वर बोट दाखवल्यासारखं केलं. उंबराच्या फांदीत वाळलेलं गवत, काटक्या आणि दुधाची एक फाटकी पिशवी अडकली होती. आमच्यातला सगळ्यात उंच बाप सहा फुटी. त्याचा हात पुरला नाही तिथपर्यंत. “पावसाळ्यात पानी हितवर असतंय,” एवढंच मामा म्हणाले. मग त्यांनी खुणा सांगितल्या: पाणी गढुळलं, पानं-काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज बदलला, की चपला, डबा, मोबाइल सगळं तिथंच टाकून काठ गाठायचा. पलीकडच्या नाही, जवळच्या. फोटो काढणारी पोरंसुद्धा त्या पिशवीकडे बघत गप्प झाली होती.

तर दादा, तयारी ही असल्या गोष्टींची. आणि त्यासाठी लोणावळ्यालाच जावं लागतं असंही नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याच्या पुरानं कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत काय केलं ते पुणेकर विसरलेले नाहीत. माझ्या सासूबाई तर १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. पानशेतच्या बाजूला शिबिर आहे म्हटल्यावर त्यांनी आधी तस्बीह, म्हणजे जपमाळ, हातात घेतली आणि मग “मी पण येते” म्हणाल्या.

तुमचा तिसरा आक्षेप इथेच निकालात निघतो. पालक मागून आले नव्हते, शिबिर मुळात त्यांच्यासाठीच होतं. नियम असा होता की प्रत्येक काम पालक आणि मूल जोडीनं करणार आणि पहिला प्रयत्न पालकाचा. चुलीचंच घ्या. प्रत्येक जोडीला तीनच काड्या दिल्या. गॅरेज चालवणारे एक भाई, दिवसभर वेल्डिंग करतात, आगीशी रोजचा संबंध. तिन्ही काड्या त्यांनी थेट ओंडक्याला लावून फुकट घालवल्या. त्यांच्या बारा वर्षांच्या मुलानं मात्र आधी कारवीच्या बारीक काटक्या मोडून ढीग केला, आत वाळलं गवत कोंबलं, वाऱ्याकडे पाठ करून बसला आणि मामांकडून मागून आणलेल्या एका काडीत पेटवलं. बापानं टाळी वाजवली, पण चेहरा बघण्यासारखा होता. (आग हे सगळं खासगी रानात, मालकाला विचारून. राखीव जंगलात आग पेटवणं गुन्हा आहे. तुम्हाला सांगायची गरज नाही, पण बाकीचेही वाचतायत.)

सापाच्या तासाला खरी जुंपली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, हे चार ओळखायचे इथवर सगळं ठीक चाललं होतं. चावल्यावर काय, असं विचारल्यावर सासूबाईंनी ओढणीची पट्टी करून दंडाला करकचून आवळून दाखवली. शिकवणारा मुलगा तुमच्यासारखाच जुना ट्रेकर, आडनाव कुलकर्णी. तो म्हणाला, आजी, आवळायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं तर नाहीच. अंगठी, बांगड्या काढायच्या, हात हलणार नाही असा फळीला हलकेच बांधायचा, माणसाला चालवायचं नाही आणि १०८ ला फोन. गाडी जवळ असेल तर सरळ सरकारी दवाखाना. या चारही सापांवर प्रतिविषाची लस एकच असते, त्यामुळे साप मारून बरोबर न्यायची गरज नाही. “आणि दम करायचा ते?” मागून एका खालांनी, म्हणजे मावशींनी, विचारलं. दम म्हणजे दुआ वाचून फुंकर घालणं. कुलकर्णी क्षणभर अडखळला. मीच म्हटलं, खाला, दुआ गाडीत बसून वाचा, आधी गाडी. सगळ्या हसल्या, पण सगळ्यांनी मान डोलावली. या बायांना हे ‘अंधश्रद्धा सोडा’ असं बाहेरून येऊन कुणी सुनावलं असतं तर त्या उठून चहा टाकायला गेल्या असत्या.

आता वेगळं शिबिर का. जेवणाचा प्रश्न नव्हता, दोन्ही दिवस पिठलं-भाकरी होती. गडाचाही नाही, माझी मुलगी शाळेच्या सहलीत सिंहगडावर शिवाजी महाराजांचा जयजयकार बाकीच्यांच्या बरोबरीनं करून आलीय. प्रश्न असा की ट्रेकची बस शनिवारी रात्री अकराला निघते, ग्रुप अनोळखी, आणि आमच्याकडच्या आया मुलींना पाठवतच नाहीत. पहाटे फजरच्या नमाजला कुठे उभं राहायचं हे विचारायची लाज वाटते म्हणून मुलगेही जात नाहीत. ‘डोंगराला धर्म नसतो’ हे खरं, पण घराच्या उंबऱ्याला भीती असते, आणि डोंगर तो ओलांडल्यावर लागतो. पहिल्यांदा चढणाऱ्या बायकांचा सगळ्यांना अंदाज होता की बुरखा आडवा येईल. आडवी आली ती चप्पल. घसाऱ्यावर गुळगुळीत तळव्याची सँडल म्हणजे काय, ते तुम्ही जाणताच.

आणि खरं सांगू, नमाजनं शिकवणं सोपं झालं. दिशा हा एरवी कंटाळवाणा धडा. इथे किबला, म्हणजे नमाजसाठी मक्केची दिशा, शोधायचा होता, म्हणून सगळे जागे. त्या तासाला मोबाइल गोळा केले होते. एकानं संध्याकाळी मावळतीकडे बोट दाखवलं. पण जानेवारीत सूर्य पश्चिमेच्या बराच दक्षिणेला मावळतो. पुण्याहून मक्का होकायंत्रावर २८१ अंशांच्या आसपास, म्हणजे पश्चिमेच्या किंचित उत्तरेला. त्या मुलाचं बोट तीस अंशांहून जास्त चुकलं होतं. दुसऱ्या दिवशी काठी रोवली, सावलीच्या टोकावर खडा ठेवला, वीस मिनिटांनी दुसरा. पहिला खडा पश्चिम, दुसरा पूर्व. असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजची, वेळही सावलीवरूनच कळते, तीच काठी दोन्हीला चालली. वजूला, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुवायला, पाणी मोजून अर्धा लिटर. पैगंबर एका मुद्दमध्ये, म्हणजे साधारण पाऊण लिटरमध्ये वजू करत, हे मुलांनी मदरशात घोकलेलं होतं. बाटलीतून करून पहिल्यांदाच पाहिलं.

एक गोष्ट मनाला लागलीय ती लिहूनच टाकते. शिबिराआधी आम्ही सरपंचांना आणि पोलीस ठाण्याला पत्र दिलं: इतकी मुलं, इतके पालक, हे-हे शिकवणार. तुमच्या ग्रुपनं पस्तीस वर्षांत असं किती वेळा दिलं? तरी कुणीतरी फोन केलाच. शनिवारी दुपारी दोन हवालदार आले, गाठींचा तास बघितला, चहा घेतला, “चालू द्या” म्हणून गेले. भले होते. पण त्यानंतर तासभर मुलं दोर हातात घ्यायला कचरत होती. तुमचा ‘नेमकी’ मला म्हणून टोचला.

तुमचं एक मात्र शंभर टक्के मान्य. आमच्या पोस्टरवर ‘फक्त मुस्लिम युवक व पालकांसाठी’ असं होतं. तो ‘फक्त’ घाईत आला, मीच प्रूफ बघितलं होतं. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या मुलाला यायचं होतं, पण पोस्टर वाचून त्याच्या आईनं त्याला थांबवलं. हे मला शिबिर संपल्यावर लिफ्टमध्ये कळलं. त्याची माफी मी त्यांच्या घरी जाऊन मागितली आहे, इथेही मागते. पुढच्या पोस्टरवर तो शब्द नसेल.

पुढचं शिबिर दिवाळीनंतर. गाठी शिकवणारा मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेलाय आणि तुम्ही लिहिलंय की बोलाईनची गाठ तुम्हाला डोळे झाकून येते. एक पालक किंवा एक मूल बरोबर आणावं लागेल, नियम तुम्हालाही तोच. बिर्याणी नसते, आधीच सांगते.