तांबडा रस्सा पचवणारे आणि मुळ्याला भिणारे

कोल्हापूरच्या माणसाला तिखटाचे भय घालता येत नाही. तांबड्या रश्श्यावरचा तवंग बाजूला न सारता तो वाटी तोंडाला लावतो, मिसळीवर जादा कट मागतो आणि शेजारी बसलेल्या पुण्याच्या पाहुण्याचे डोळे भरून आले की "अजून थोडं घ्या की" असा मनापासून आग्रह करतो. हाच माणूस मुळा शिजत असलेल्या घराच्या उंबऱ्यावर मात्र थबकतो, नाकाला रुमाल लावतो आणि घरात सगळे ठीक आहे ना, याची चौकशी करतो. हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण ते घर बहुधा माझेच असते.

या भित्रेपणाला रसायनशास्त्राचा आधार आहे, हे मला मान्य करावे लागते. मिरचीतील कॅप्सेसिन सहजासहजी हवेत उडत नाही. ते जिभेवर ठाण मांडून आपले काम करते आणि लहानपणापासून त्याचा सराव असलेली जीभ पुढे त्याची फारशी दखल घेत नाही. मुळ्याची रीत वेगळी आहे. अख्खा मुळा खरे तर निरुपद्रवी असतो. त्यात ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्ये एकीकडे आणि मायरोसिनेज हे विकर दुसरीकडे, अशी सोवळ्यात ठेवलेली असतात. सुरी चालली, किसणी फिरली किंवा दात लागला की त्यांची गाठ पडते आणि आयसोथायोसायनेट तयार होते, जे हवेत उडत असल्यामुळे घशाच्या मागून थेट नाकात चढते. मुळ्याच्याच कुळातल्या मोहरीचा झणका येतो तो याच वाटेने. कोल्हापूरकरांची जीभ तयार आहे. नाकाची तालीम राहून गेलेली आहे.

हिवाळ्यात कपिलतीर्थ मंडईत पांढरेशुभ्र मुळे पाल्यासह रचून ठेवलेले दिसले की मला पुढे जाता येत नाही. विकणाऱ्या मावशी "लई ग्वाड हाय बघा, खाऊन बघा की" म्हणतात, आणि तो गोड निघू नये अशी मनोमन प्रार्थना करणारे त्यांचे गिऱ्हाईक बहुधा मी एकटाच असेन. पाला मोडून टाकू का, असे त्या विचारतात तेव्हा तर माझ्या पोटात गोळा येतो. मुगाची डाळ घालून किंवा डाळीचे पीठ पेरून केलेली पाल्याची भाजी आणि गरम ज्वारीची भाकरी पुढ्यात असताना ज्याला दुसरे काही आठवते, त्याच्याशी मी वाद घालत नाही.

खरा प्रसंग ओढवतो तो मुळा शिजताना. उष्णतेने ते विकर निकामी होते, त्यामुळे शिजलेला मुळा जिभेला अगदी सौम्य लागतो. पण त्या मोबदल्यात गंधकाची वासट संयुगे मोकळी होतात आणि जिना उतरून वाहनतळापर्यंत जातात. एकदा समोरच्या घरातील वहिनींनी दार वाजवून "अहो, गॅस गळतोय काय बघा जरा" असे घाबऱ्या आवाजात सांगितले. सौभाग्यवतींना जमीन दुभंगावी असे झाले. मला मात्र वहिनींच्या नाकाचे कौतुक वाटले. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात; आणि शिजत्या मुळ्यातून जे काही बाहेर पडते, त्यात त्याचेच सख्खे भावंड, मिथाइल मरकॅप्टन, असते. ही माहिती मी त्यांना दारातच सविस्तर दिली, तरीही त्यांनी आमच्या शेगडीची कळ स्वतः तपासून पाहिली.

त्या दिवसापासून "खायचाच असेल तर कच्चा खावा" असा घरचा हुकूम निघाला. त्यात माझे फार नुकसान झाले असे नाही. मुळा किसून, मीठ लावून, पिळून, दही आणि दाण्याचे कूट घालून केलेली कोशिंबीर सभ्य असते. पण पिळलेल्या पाण्याबरोबर मुळ्याचा बराचसा स्वभावही मोरीत जातो, म्हणून मी चटक्याच्या बाजूचा आहे. भिजवलेली हरभऱ्याची डाळ हिरव्या मिरच्यांसह भरड वाटायची, त्यात न पिळलेला आणि शक्यतो न सोललेला मुळा किसायचा (झणका सालीतच जास्त), लिंबू पिळायचे आणि वरून हिंग-मोहरीची खमंग फोडणी द्यायची. नंतरच्या ढेकरांविषयी सभ्य माणसाने लिहू नये.

गंमत अशी की इतर कंदांना हा जाच नाही. सुरणातील कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक घशाला खाज आणतात, तरी त्याला चिंच लावून मानाने ताटात वाढतात. नवलकोल मुळ्याचाच भाऊबंद, तोही शिजताना वास सोडतोच. पण तो जमिनीवर वाढलेला खोडाचा गड्डा असल्यामुळे की काय, त्याची तक्रार कोणी करत नाही. लसणाविषयी तर बोलायलाच नको. कांदा-लसूण चटणीचा वास आला तर या गावात त्याला सुवास म्हणतात.

तरीही शिजवलेल्या मुळ्याची ओढ सुटत नाही, तेव्हा मी वेळापत्रक आखले. वरच्या मजल्यावरील काकू शुक्रवारी सुकट भाजतात. त्या वासाच्या आडोशाने मुळा निर्धास्त शिजतो आणि त्याचा आळ कोणावरही येत नाही. परवाच्या शुक्रवारी मुळे चिरून कढईत टाकणार, इतक्यात काकू खाली आल्या. आज सुकट नाही, लेकीला बघायला पाहुणे येणार आहेत, तेव्हा तुम्हीही जरा बेताने घ्या, असे त्यांनी फार आदबीने सांगितले. म्हणजे हे गुपित साऱ्या इमारतीला ठाऊक होते. मी निमूटपणे कढई उतरवली आणि डाळ भिजत घालायला निघालो, तेव्हा जिन्यातून त्यांचा आवाज आला, "चटका करणार असशीला तर वाटीभर वर पाठवा की, पाहुण्यांच्या पानात डाव्या बाजूला काहीच नाही."