काटकसर करा, पण ती ज्याची त्याने करा

आज सकाळी आमच्या मावशी भांडी घासता घासता थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, ओळखीत कुणाला पोळ्यांना बाई हवी असली तर सांगा." काय झालं म्हणून विचारलं. आमच्याच सोसायटीतल्या दोन घरांनी त्यांना सांगितलंय, दसऱ्यानंतर येऊ नका. मे महिन्यात मुलांना घेऊन हाँगकाँगच्या डिस्नेलँडला जायचंय, पैसे साठवायचेत, तोवर घरचं घरीच करू. परत आल्यावर बघू. मावशींच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणून मला जास्त राग आला.

दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर त्यातल्याच एका घरातून भला मोठा मेसेज आला. आम्ही ट्रिपसाठी खर्च कसा कमी केला. पोळ्यांची आणि भांड्यांची बाई बंद. फळं फक्त रविवारी. दूध दीड लिटरचं एक लिटर. सासऱ्यांचा पेपर बंद, कारण मोबाइलवर वाचता येतो. सासूबाईंच्या गुडघ्यांची फिजिओथेरपी आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी. शेवटी महिन्याची बेरीज, आणि खाली टाळ्यांची रांग. मी दोनदा लिहायला घेतलं आणि पुसलं. तिथे भांडण करायचं नाहीये, पण पोटात ठेवताही येत नाही. म्हणून इथे लिहितेय.

आधी एक गोष्ट सांगते, कारण आता काही जण लिहायला येतीलच की कशाला हवेत हे पाळणे, मुलांना सिंहगडावर न्या, पिठलं-भाकरी खायला घाला. सिंहगडावर आम्ही जातोच. पण मुलाला रोलर कोस्टरवर बसायचंय यात त्याचे संस्कार कुठे बुडतात? पेशवे पार्कात फुलराणी सुरू झाली 1956 साली. तिच्यात बसायला हट्ट केलेली माणसं आज आजोबा झालीत. नंतर निगडीच्या अप्पूघरासाठी हट्ट झाले, 2013 साली खोपोलीजवळ इमॅजिका आलं तेव्हापासून त्याच्यासाठी होतात. मुलांचं हे असंच असतं आणि असावं. नोकरदार घराला एवढी एक चैन करावीशी वाटली तर करू दे की. बाकी सगळं हप्ते, फी आणि मेंटेनन्समध्येच जातंय.

आणि ते स्वस्त नाही. चार जणांची तिकिटं, आत डबा नेऊ देत नाहीत म्हणून आतलंच खाणं, लॉकर, पाण्यात जायचं तर पोहण्याचे कपडे. वर तिकिटावर जीएसटी. 2017 मध्ये तो 28 टक्के होता, 2018 च्या जानेवारीत 18 वर आणला. तोही काही थोडा नाही. तेव्हा सहा-आठ महिने पैसे बाजूला टाकून जाणं हेच शहाणपणाचं. क्रेडिट कार्डावर जाऊन वर्षभर फेडत बसण्यापेक्षा शंभर पटीने बरं. काटकसरीला माझा विरोध नाही. मी काटकसरीच्याच घरात वाढलेय.

आम्ही सदाशिव पेठेत वाड्यात राहायचो. दोन खोल्या, आई-बाबा, आजी, मी आणि दादा. बाबा पिंपरीला कारखान्यात, आई घरी साड्यांना फॉल-पिको करायची. गोराईचं एस्सेल वर्ल्ड 1989 साली सुरू झालं, त्याची जाहिरात टीव्हीवर सारखी लागायची आणि आम्ही दोघांनी बाबांना सळो की पळो करून सोडलं होतं. शेवटी एका रात्री जेवणं झाल्यावर बाबांनी कोरी वही काढली, सगळ्यांना सतरंजीवर बसवलं आणि म्हणाले, जायचं. आता कोण काय सोडणार ते बोला. त्यांनी स्वतः पान सोडलं आणि शनिवारचं मित्रांबरोबरचं बाहेरचं खाणं सोडलं. दादाने तासावर मिळणारी भाड्याची सायकल सोडली. मी शाळेबाहेरच्या चिंचा-बोरांचे पैसे सोडले. आजी म्हणाली, "माझी तपकीर बंद करा." बाबा तिला म्हणाले, "तू येणारेस का पाळण्यात बसायला?" ती म्हणाली, "छे रे बाबा." "मग तुझ्या तपकिरीला हात लावायचा नाही."

आणि वाड्यात भांडी घासायला यायची तिचा विषय दादाने काढला. त्याला वाटलं, आई आणि मी मिळून भांडी घासू. आईने तिथल्या तिथे सांगितलं, तिच्या घरची चूल या पैशांवर पेटते, तिला तुमच्या पाळण्यांशी काय करायचंय. वहीत तिचं नाव आलं नाही.

एवढं साधं होतं ते. दोन खोल्यांच्या घरात, बँकेत फारसं काही नसताना, लोकांना हे कळत होतं. तीन बीएचकेच्या घरांत का कळत नाही?

ग्रुपवरची ती यादी मी पुन्हा उघडून वाचली. त्यात जाणाऱ्या चौघांचं असं काय बंद झालंय? मुलांची फळं सोडली तर काही नाही. नवऱ्याची जिम आहे तशी आहे. हिंजवडीला एकटा माणूस रोज गाडी घेऊन जातो, ती आहे. शनिवार-रविवारचं बाहेरचं जेवण आहे, मोबाइलवर मागवणं आहे, कारण ते खाली पार्किंगमध्ये रोज दिसतं. बंद काय झालं? सासऱ्यांचा पेपर. ऐंशीच्या घरातला माणूस, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तो मोबाइलवर अग्रलेख वाचणार? त्या माणसाचा सकाळचा दीड तास होता तो. रद्दी वजा केली तर महिन्याला किती वाचतात त्यात? आणि सासूबाईंचे गुडघे. त्या दोघांना हाँगकाँगला नेणार नाहीयेत हे मला माहीत आहे. घराला कुलूप नको म्हणून ते इथेच राहणार आहेत.

तू येणारेस का पाळण्यात बसायला, हे त्या घरात कुणी विचारलं नाही.

एक मान्य करते. नोकरी गेली, आजारपण निघालं, तर बाई बंद करावी लागते. आमच्या ओळखीत आयटीतल्या दोघांवर ती वेळ आली आणि मावशींनीही ते समजून घेतलं. पण ती अडचण असते. डिस्नेलँड ही अडचण नाही. 2005 पासून ते तिथे आहे, आणखी दोन वर्षं थांबलात तर कुठे जाणार नाही.

दुसरंही मान्य करते, आपलं काम आपण करण्यात कमीपणा नाही. पण करणार कोण? त्या मेसेजमध्ये लिहिलंय 'घरीच करू'. त्या घरात पोळ्या कोण लाटणार आहे ते मला माहीत आहे आणि तुम्हालाही माहीत आहे. सकाळी साडेसहाला उठून डबे, मग ऑफिस, मग रात्री ओटा. तिने स्वतःच लिहिलाय तो मेसेज, अभिमानाने लिहिलाय, आणि तिच्यावर रागावतानाही मला तिची काळजी वाटते.

आणि हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. दसऱ्यानंतर येऊ नका. म्हणजे दिवाळीच्या आधी. म्हणजे वर्षभर काम करून घेऊन दिवाळीचा बोनसही वाचवला! एका महिन्याचा पगार द्यायची पद्धत आहे आपल्या पुण्यात, ती चुकवली. ते यादीत लिहिलं नाही, पण बेरजेत नक्की धरलं असणार. माझे हात थरथरतायत लिहिताना.

हे बोनस, हे सुट्टीचे पैसे आपण मोठ्या मनाने दिले असं कुणी समजू नये. 1980 साली याच शहरात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला होता. एकेका घरात एकटी काम करणारी बाई, जिला कुणी युनियनमध्ये मोजत नव्हतं, त्या बायका रस्त्यावर आल्या आणि पगारवाढ, सुट्टी मागितली. तिथून मोलकरीण संघटना उभी राहिली. 2008 साली घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, त्यालाही या बायकांनीच वर्षानुवर्षं मोर्चे काढले. तरी आजही 'उद्यापासून येऊ नका' एवढ्या तीन शब्दांत काम जातं. नोटीस नाही, काही नाही. तुमच्या कंपनीने तुम्हाला असं सांगितलं असतं, की साहेबांना फिरायला जायचंय, मेनंतर बघू, तर?

(मावशींसाठी: आनंदनगर, वडगाव, धायरी भागात पोळ्यांचं काम असेल तर मला मेसेज करा. हात चांगला आहे, वेळेच्या पक्क्या आहेत.)

जरा पाणी पिऊन आले.

आमच्या त्या वहीचं सगळं बरोबर होतं असं मात्र नाही, आणि तेही लिहायला हवं. आम्ही गेलो. आदल्या दिवशी सिंहगड एक्सप्रेसने, मुक्काम डोंबिवलीला आत्याकडे, पहाटे लोकल, दादरला गाडी बदलून बोरिवली, आणि तिथून पुढे खाडी ओलांडायला लाँच. त्या लाँचमध्येच दादाचा आणि माझा अर्धा आनंद झाला होता. बाबा आमच्याबरोबर प्रत्येक पाळण्यात बसले. वहीत लिहिलेला प्रत्येक पैसा वसूल झाला त्या दिवशी. आई एकदाच बसली, बाकी वेळ पिशव्या आणि आमच्या चपला सांभाळत बाकावर. तिकीट तिचंही तेवढंच होतं.

पुष्कळ वर्षांनी आजीने सांगितलं, की त्या वर्षी आईच्या चष्म्याचा नंबर वाढला होता. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती. ती चिठ्ठी आईने पोळपाटाखाली ठेवली आणि जुन्याच चष्म्याने, पिवळ्या बल्बखाली, लोकांच्या साड्यांना फॉल लावत राहिली. वहीत तिने काय सोडलं ते कुठेच नाही. पान आहे, सायकल आहे, चिंचा-बोरं आहेत. चष्मा नाही. बाबांना कळलं असतं तर त्यांनी तो आधी करून घेतला असता याची मला खात्री आहे, पण त्यांनी विचारलं नाही हेही खरं. आजीला विचारलं, भांडीवालीचा विचार झाला, आणि आईला कुणी विचारलं नाही, कारण ती सोडणारच हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. 2022 मध्ये एस्सेल वर्ल्ड बंद झाल्याची बातमी आली तेव्हा दादाचा फोन आला होता. पाळण्यांबद्दल तो फार बोललाच नाही. आईच्या चष्म्याबद्दलच बोलला.

म्हणून माझं म्हणणं आहे की हिशोब मोठ्याने करा. सगळ्यांसमोर. कोण जाणार, त्यांनी काय सोडलं, ते घरातल्या प्रत्येकाला ऐकू येऊ द्या. आईने, बायकोने स्वतःचं औषध, चष्मा, दात असलं काही गुपचूप सोडलेलं असेल तर ते खोदून काढा आणि परत त्यांच्या पदरात घाला.

आणि पैसे वाचतात हो, इतरांच्या ताटाला हात न लावता. महिन्याला जेवण मागवण्याचे किती जातात ते त्या अ‍ॅपमध्ये एकदा बघा. चार-चार ओटीटी कोण बघतं? खोपोलीला जायचं तर शनिवार-रविवार सोडून जा, तिकिटात फरक पडतो आणि रांगाही कमी. मुलाची उंची आधी मोजा, मोठ्या राइड्सना उंचीची अट असते, आणि पोरगं अटीत बसत नसेल तर पैसे भरून दारात रडारड होते. एक वर्ष थांबा. परदेशी टूरच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे टूर कंपनी आधीच वसूल करते तो कर, कापतात, तो रिटर्नमध्ये जमेला धरला जातो, पण सुरुवातीला खिशातूनच जातो, तेही बेरजेत धरा. एवढं करून बाई न काढता, म्हाताऱ्यांचं काही न तोडता हाँगकाँग जमलं, तर खुशाल जा. मी स्वतः ओवाळायला येईन. नाही जमलं तर खोपोली आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला खाली येणारी गाडी खोपोलीत आहे की हाँगकाँगमध्ये, याने पोटात गोळा यायचा तो कमी येत नाही.

आम्ही जानेवारीत इमॅजिकाला जायचं ठरवलंय. पैसे जमवणं चालू आहे. नवऱ्याने ऑफिसखालच्या रोजच्या दोन कॉफ्या सोडल्यात, मी या वर्षी दिवाळीची साडी घेणार नाही आणि हे मी घरात सगळ्यांना ऐकवून सांगितलंय. मुलाने त्याचा गेमचा महिन्याचा रिचार्ज सोडलाय. सासूबाई हे सगळं ऐकत होत्या. परवा रात्री म्हणाल्या, "माझ्या मालिकांचं ते पॅकेज बंद करा." मी बाबांचाच प्रश्न त्यांना विचारला. त्या म्हणाल्या, "येणार ना! पाळण्यात नाही बसणार, पण ते बसून बघायचे शो असतात म्हणे, ते बघीन."

मग पाचवं तिकीट धरलं, आणि त्यांचं पॅकेज वहीत लिहिलं.